वखारीच्या बाजूची खरखर

दोन दीर्घिकांच्या मध्ये वायूचा पूल आहे की नाही, एवढंच तिला बघायचं होतं. एक दीर्घिका आपल्या आकाशगंगेसारखी ऐसपैस, दुसरी तिच्या कडेला अडकलेली, लहानखुरी. थोरली धाकटीला ओढून घेत होती यात कुणाला शंका नव्हती. प्रश्न होता तो हा, की धाकटीतला हायड्रोजन आताच निसटून थोरलीच्या पोटात जायला लागला आहे का. अशा ओढाताणीत तारे उशिरा सुटतात, वायू आधी जातो. साध्या दुर्बिणीतून फोटो काढला तर धाकटी धडधाकट दिसते. तारे आहेत, रंग आहे, सगळं जागच्या जागी. पण ज्यातून पुढचे तारे व्हायचे, तेच संपत आलेलं असतं आणि बघणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

हा वायू डोळ्यांना दिसत नाही. रेडिओ दुर्बिणीला तो ऐकू येतो, तोही इतका पुसट, की शेजारच्या गावातला एखादा बिघडलेला दिवासुद्धा त्याच्यावर पाणी फिरवतो. म्हणून वेधशाळेच्या भोवतालच्या सगळ्या खोऱ्यात शांततेचा कायदा होता. मोबाइल नाही, वायरलेस काहीच नाही, नवीन यंत्र आणायचं तर आधी परवानगी. खोऱ्यातल्या लोकांना या कायद्याचा काडीचाही लोभ नव्हता. आणि ती याच खोऱ्यातली. गावची पोर शास्त्रज्ञ झाली याचं कौतुक करणारी तोंडंच मागे म्हणायची, की गेली शेवटी त्यांच्यात.

उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या निरीक्षणांत पट्टे यायला लागले. पडद्यावर जिथे सपाट करडा रंग हवा, तिथे कंगव्याच्या दातांसारखे सारख्या अंतरावर उभे पट्टे. ढगाळ, दमट दिवशी ते पातळ व्हायचे आणि हवा कोरडी पडली की दाट.

वेधशाळेत असला गोंगाट शोधून काढायला एक इंजिनियर होता. व्हॅनच्या टपावर अँटेना लावून तो खोरंभर फिरायचा, त्यामुळे सगळे त्याला शिकारी म्हणत. त्याने तिचे पट्टे आठवडाभर बघितले आणि हसला.

"मॅडम, हा गोंगाट सकाळी कामाला येतो, दुपारी जेवायला जातो आणि संध्याकाळी घरी जातो. म्हणजे आकाशातला नाही, आपल्यातलाच आहे."

"फोन असेल कुणाचा?"

"फोन असा नसतो. ही ठिणगी आहे. कुठेतरी तार सैल झालीय आणि विजेच्या प्रत्येक हेलकाव्याला तिथे ठिणगी उडतेय. सेकंदाला शंभर वेळा." हसू ओसरलं होतं. "बऱ्यापैकी मोठी आहे."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर व्हॅनमध्ये बसली. आत एक छोटा स्पीकर होता. त्यातून येणारी खरखर जिकडे वाढेल तिकडे गाडी वळवायची, एवढं सोपं काम. पुलापाशी खरखर डावीकडे वाढली. शाळेपाशी ओसरली, बाजारात परत आली. मग शिकाऱ्याने गाडी एका अरुंद रस्त्यात घातली. या रस्त्यावर ती सायकल शिकली होती. रस्ता पुढे कुठेच जात नव्हता. तो लाकडाच्या वखारीपाशी संपायचा, आणि वखार तिच्या वडिलांची होती. वडील गेल्यापासून मोठा भाऊ चालवत होता.

फाटकासमोर स्पीकर इतका कडकडला की शिकाऱ्याला तो बंद करावा लागला.

"तुमच्या ओळखीचे आहेत का हे लोक?"

"माझं माहेर आहे," ती म्हणाली.

दादा करवतीपाशी होता. केसांत, भुवयांत लाकडाचा भुसा. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि तिच्यामागे व्हॅनवरची अँटेना दिसली तसा पुन्हा मिटला.

"काय ढापणे, आज दुर्बीण घेऊनच आलीस?" लहानपणी तिला चष्मा लागला त्या दिवसापासून तो तिला ढापणी म्हणायचा.

तिने जमेल तितकं सरळ सांगितलं. वखारीत कुठेतरी ठिणगी उडतेय. बहुतेक छताच्या फळ्यांच्या वर, जिथून भुसा ओढून नेणारा पाइप जातो तिथे. वीज बंद करून फळ्या उघडायला हव्यात. दादा हात पुसत ऐकत राहिला.

"तुझ्या ताऱ्यांना आवाज होतोय."

"ताऱ्यांचं सोड. वर किती वर्षांचा भुसा साचलाय, दादा. आग लागेल."

ही चूक झाली, हे शब्द तोंडातून निघाले तेव्हाच तिला समजलं. काही वर्षांपूर्वी दादाने हौसेने नवीन संगणकी करवत मागवली होती. तिच्या मोटरचा दुर्बिणीला त्रास होतो म्हणून वेधशाळेने ती परत पाठवायला लावली. दादा ऐकेना, तेव्हा वेधशाळेच्या एका अधिकाऱ्याने त्याला हीच भीती घातली होती, की असली यंत्रं पेट घेतात. पुढे तीच करवत शेजारच्या खोऱ्यात बिनबोभाट चालू लागली. ते दादा विसरला नव्हता.

"आग," तो म्हणाला. "तुमच्याकडे दुसरं काही नसतं का गं सांगायला?"

शिकाऱ्याने मध्ये पडून समजावून पाहिलं. दादाने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी म्हणाला, की हातातलं काम उरकलं की वायरमनला बोलावतो. वायरमन आला, खालच्या बोर्डाचे स्क्रू आवळून गेला. छताकडे त्याने मान वर करूनही पाहिलं नाही. दोन दिवस पट्टे नाहीसे झाले आणि मग पहिल्यापेक्षा दाट होऊन परतले.

ती पुन्हा गेली. या वेळी एकटी, बसने, सुट्टीच्या दिवशी. करवत बंद होती. वखारीच्या ऑफिसवरच्या खोल्यांत आई, दादा आणि वहिनी राहायची. आईचे गुडघे गेलेले, ती खिडकीजवळच्या पलंगावर असायची आणि रस्त्यावरून कोण आलं, कोण गेलं, याचा पाढा येईल त्याला ऐकवायची. आई गप्पांत रमली तेव्हा ती हळूच उठून मागच्या गॅलरीत गेली. तिथून वखारीचं छत आतून दिसायचं. फळ्यांच्या फटींतून भुसा खाली लोंबत होता, पिवळा, पिठासारखा बारीक. तिने फळीला हात लावला. कोमट वाटली. उन्हाने असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. पण ती बाजू सावलीची होती.

दादा मागे येऊन उभा राहिला होता.

"काय शोधतेयस?"

"हात लावून बघ इथे."

"उन्हाळा आहे." त्याने हात लावला नाही. "वायरमन म्हणाला सगळं ठीक आहे. तुझा त्याच्यावर विश्वास नाही, माझ्यावर नाही. खोक्यातल्या रेघोट्यांवर आहे. मग कर तक्रार, कायदा तुमच्याच बाजूचा आहे. लाव बापाच्या वखारीला टाळं."

वहिनी दाराशी उभी होती. तिने दोघांकडे पाहिलं आणि ती आत गेली.

तक्रारीवर सही करायला तिने बरेच दिवस लावले. वेधशाळेचे संचालक म्हणाले, तुमचं घर आहे, तुम्ही सही केली नाहीत तर मी करेन. तिला ते पटेना. दुसऱ्याच्या सहीआड लपणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनेच सही केली. वीज खात्याच्या माणसांनी येऊन खांबावरून वखारीची तार सोडवली. फळ्या उघडून नवीन वायरिंग केलं की तार पुन्हा जोडू, असं कागद देऊन सांगितलं.

दादाने फळ्या उघडल्या नाहीत. वहिनीने लपून फोन केला तेव्हा ती म्हणाली, "ताई, ह्यांचं म्हणणं असं की छत उघडलं म्हणजे तुमचं खरं झालं असं होतं. दिवसभर अंधारात त्या ओंडक्यांवर बसून असतात. तुम्ही सध्या येऊ नका."

"आई?"

"आईंना सांगितलंय, लाइनमध्ये बिघाड आहे."

आणि इकडे पडदा स्वच्छ झाला. इतका शांत करडा रंग तिने कधी पाहिला नव्हता. दुर्बीण रोज त्या दोन दीर्घिकांकडे कान लावून बसायची, रोजचं निरीक्षण आदल्यावर रचलं जायचं, आणि एके सकाळी सगळं एकत्र केल्यावर दोघींच्या मधल्या काळोखात एक धागा उमटला. धाकटीपासून निघून थोरलीपर्यंत गेलेला, मध्ये किंचित वाकलेला. तिने हिशेब तीनदा तपासला. धाकटीचा निम्म्याहून जास्त वायू त्या धाग्यात होता. सहकारी तिच्या खुर्चीमागे गर्दी करून उभे राहिले, कुणीतरी तिची पाठ थोपटली. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली, कारण ही शांतता कुठून आली होती हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात, जेवणाची सुट्टी संपता संपता, पट्टे परत आले.

आधी तिला वाटलं, वीज खात्याने तार जोडून दिली असेल. मग ती पडद्याच्या जवळ सरकली. दात तसेच होते, पण अंतर सारखं नव्हतं. ते हळूहळू एकमेकांपासून लांब सरकायचे, मग झटकन जवळ यायचे, पुन्हा लांब. खांबावरची वीज अशी वागत नाही, तिचा ठोका घड्याळासारखा पक्का असतो. असं वागतो तो जनरेटर. करवत जाड ओंडक्यात शिरली की तो धापा टाकतो, ओंडका तुटला की धावत सुटतो. दादाने जनरेटर आणला होता आणि त्याच जुन्या तारांना जोडला होता. इथे बसून तिला एकेक ओंडका मोजता आला असता.

पट्टे आता दाट होऊन पांढरे पडले होते. बाहेर हवा अशी कोरडी होती की दाराच्या कडीला हात लावला तर झटका बसावा.

तिने टेबलावरचा फोन उचलून वखारीत लावला. वाजत राहिला. करवतीच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? पुन्हा लावला. खूप वेळाने वहिनीने उचलला.

"वहिनी, मी बोलतेय. आईला खाली घ्या. आत्ताच्या आत्ता. वखारीत थांबू नका, शेजाऱ्यांकडे नेऊन बसवा."

"काय झालं?"

"अजून काही नाही. नंतर सांगते सगळं."

पलीकडून करवतीचा आवाज येत होता. वहिनी म्हणाली, "ह्यांना काय सांगू?"

"दादाला आत्ता काही सांगू नका. तो वाद घालत बसेल, त्यात वेळ जाईल. आधी आई. मी निघालेच आहे, त्याच्याशी मी बोलते."

"बरं," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

शिकाऱ्याने कसलाही प्रश्न न विचारता व्हॅन काढली. डोंगर उतरताना स्पीकर चालूच होता. खरखर वाढत होती, मध्येच दम लागल्यासारखी खाली यायची, पुन्हा चढायची. ती डोळे मिटून ऐकत होती. जोपर्यंत खरखर आहे तोपर्यंत फक्त ठिणगी आहे, असं काहीतरी तिने मनाशी धरलं होतं.

पुलाच्या थोडं अलीकडे स्पीकर एकदा जोरात कडकडला आणि गप्प झाला.

"बंद केला वाटतं जनरेटर," शिकारी म्हणाला.

तिने डोळे उघडून समोर पाहिलं. त्याने मग गाडीचा वेग वाढवला. वळण घेतलं तेव्हा बाजाराच्या छपरांवरून धूर सरळ वर चढत होता. वारा नव्हता म्हणून सरळ.

रस्त्याच्या तोंडाशी लोकांची साखळी झाली होती, बादल्या हातोहात जात होत्या. शेजाऱ्यांच्या ओट्यावर आई खुर्चीत बसली होती, मांडीवर शाल, आणि समोर येईल त्याला विचारत होती, की काय जळतंय. वहिनी तिथे नव्हती. ती फाटकापाशी होती. दोन माणसांनी तिला धरून ठेवलं होतं आणि ती सुटायची धडपडही करत नव्हती, फक्त एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती.

"ते वर गेलेत. आईंना शोधायला वर गेलेत. मी सांगितलंच नव्हतं त्यांना."

ऑफिसवरच्या खिडकीतून काळा धूर येत होता. व्हॅनमधून उतरता उतरता तिने ते ऐकलं. पुढचं तिला नीट आठवत नाही. शिकाऱ्याने डोक्यावर ओलं पोतं घेतल्याचं आठवतं, आणि बंबाची माणसं त्याला ढकलून पुढे गेल्याचं. दादाला त्यांनी मागच्या गॅलरीतून शिडीने उतरवलं. तो शुद्धीवर होता. दोन्ही हात पुढे धरून चालत होता, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत. ओट्यावर आई दिसली तेव्हा तो थांबला, तिच्याकडे बघत राहिला, आणि तिथेच रस्त्यात खाली बसला.

वखार संध्याकाळपर्यंत जळली. कामगार सगळे सुखरूप बाहेर होते.

दवाखान्यात त्याचे हात कोपरापर्यंत बांधलेले होते. डॉक्टर म्हणाले, बोटं हलतील, पण करवतीवरचं काम विसरा. सुरुवातीला तो तिच्याशी बोलला नाही. ती रोज कामावरून यायची, स्टुलावर बसायची, वहिनीला घरी पाठवायची, त्याला चमच्याने भरवायची. तो तोंड उघडायचा, नजर मात्र भिंतीवर.

मग एका दुपारी तो आपणहून बोलायला लागला.

"पलंग रिकामा होता. मला वाटलं घाबरून उठायला गेली आणि पडली. धुरात काही दिसत नव्हतं, मग जमीन हाताने चाचपत गेलो. पलंगाखाली, कपाटामागे. फळ्या तापल्या होत्या."

"वहिनींचा दोष नाही त्यात," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं त्यांना, तुला कळवू नका म्हणून."

बाहेर कुणाची तरी ढकलगाडी कुरकुरत गेली.

"बोललीय ती मला. वाद घातला असता मी," तो म्हणाला. "आईला खाली नेऊच दिलं नसतं, ढापणे."

तिला रडू आलं नाही. ते कधी येईल याची ती आजही वाट बघते.

घरी सोडल्यावर सगळे तिच्याच घरात राहायला आले, दुसरी जागा नव्हती. वायूच्या पुलाचा शोधनिबंध छापायला गेला. निरीक्षणांतली ती एक दुपार वगळली आहे, अशी त्यात एक ओळ होती. दादाला तिने ती दुपार दाखवली, त्यानेच मागितली म्हणून. तो पडद्यासमोर बसला आणि पांढरे पट्टे जिथे एकदम संपत होते तिथे बांधलेल्या हाताने खूण केली.

"इथे?"

"हो, इथे."

"आणि त्याच्या आधीचं हे सगळं तुला दिसत होतं."

"हो."

त्याने मान हलवली आणि उठला.

पाऊस येऊन गेला, हवा पुन्हा कोरडी पडली. एका सकाळी शिकारी तिच्या खोलीच्या दारात आला आणि आत न येता म्हणाला, "मॅडम, पुन्हा दात दिसायला लागलेत. बारीक आहेत. बाजाराच्या बाजूने."

रात्री जेवताना तिने घरात सांगितलं, तसा दादाचा घास हातातच राहिला. वखारीचं वायरिंग ज्याने केलं होतं, त्याच म्हाताऱ्या माणसाने त्याच वर्षी सगळ्या बाजाराचं केलं होतं. वडिलांनीच त्याला घरोघर काम मिळवून दिलं होतं. हे तिला माहीत नव्हतं, त्याला माहीत होतं.

"उद्या मी येतो," तो म्हणाला. "तुझं कुणी ऐकणार नाही."

सकाळी व्हॅनमध्ये तो पुढे बसला. स्पीकरमधून खरखर येऊ लागली तेव्हा त्याने चमकून त्याच्याकडे पाहिलं. ही खरखर तो पहिल्यांदाच ऐकत होता. बाजारात ती वाढली, औषधांच्या दुकानापाशी ओसरली, आणि बेकरीच्या दारात स्थिर झाली. आत भट्टी लावलेली होती, पिठाची पोती छतापर्यंत रचलेली, वरच्या मजल्यावर बेकरीवाल्याची सून तान्ह्या बाळाला झोपवत होती.

बेकरीवाला दादाच्या शाळेतला. त्याने दादाचे हात बघितले आणि नजर वळवली. सगळं ऐकून घेतलं, मधूनमधून मान डोलावली.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "बघायलाच हवं. फक्त ही संध्याकाळची भट्टी उतरू दे. मोठं काम आलंय."

ती काही बोलणार होती. दादाने तिला हातानेच थांबवलं. भट्टीपासून लांबचं एक पोतं बघून तो त्यावर बसला, हात मांडीवर उताणे ठेवले.

"उतरव सावकाश," तो म्हणाला. "मी आहे बसून. आधी सुनेला आणि बाळाला खाली बोलाव, आणि त्यांना कुठे बसवलंय ते घरातल्या सगळ्यांना सांग."

बेकरीवाला हसला, मग हसायचा थांबला. बाहेर व्हॅनचं दार उघडंच होतं आणि आतला स्पीकर चालू होता. जिन्याशी जाऊन त्याने सुनेला हाक मारली. वरून काही उत्तर आलं नाही, म्हणून त्याने पुन्हा मारली.